परतीचा अंगठा

ते भांडण तिनं ऐकलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि हवेच्या शेडमागे एका रिकाम्या पिंपात लपून बसली होती. लपंडाव चालला होता. राज्य कुणावर होतं हे आता तिलाही आठवत नाही. शेडमधलं यंत्र धडधडून बंद पडलं आणि बाबांचा आवाज पत्र्यातून आरपार आला.

"कारण सांग, चिमे. बाकी काही नको मला. नुसतं कारण सांग."

चिमी म्हणजे तिची आत्या, बाबांची धाकटी बहीण. चाळिशीला टेकली तरी भावाला ती चिमणीच.

"नाही सांगणार," आत्या म्हणाली.

"अगं, तीस मीटर राहिले होते! माझ्या टाकीत हवा होती, तुझ्या टाकीत हवा होती, दिवे धड होते, पाणी आरशासारखं होतं. हत्ती गेला आणि शेपटाशी येऊन बाईसाहेबांनी अंगठा वर केला!"

"केला."

"का पण?"

"दादा, तू पुन्हा विचारलंस."

"शंभरदा विचारीन!"

"मग परवा आपण दोघं पाण्यात उतरलो, ते शेवटचं समज."

आणि दार आपटलं. पत्र्याचं दार आपटलं की पिंपात बसलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं, ते तिला त्या दिवशी कळलं. भांडणाचं मात्र काही कळलं नाही. अंगठा वर करणं म्हणजे शाबासकी. शाबासकीवरून कुणी एवढं भांडतं का?

त्याचं असं होतं. गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी एक डोह होता. वरून पाहिलं तर बदकांच्या लायकीचा. पण त्याच्या मागच्या भिंतीत, पाण्याखाली, माणूस आडवा होऊन जाईल एवढं तोंड होतं, आणि तिथून गुहा सुरू व्हायची. सगळी पाण्यानं भरलेली. पाठीला हवेच्या टाक्या बांधून लोक तिच्यात शिरत. कशाला शिरत, याचं उत्तर त्यांच्या घरच्यांनाही कधी धड मिळालं नव्हतं. ज्याला समुद्रात बुडी मारता येते त्याला वाटतं, ही पण तसलीच. पण समुद्रात जीव घाबरला तर वर यावं. इथं वर दगड. वर यायचं तर आधी मागे यायचं, आलेल्या वाटेनं, आलो तेवढंच.

म्हणून या लोकांचा एक नियम होता. आत कुणीही, कधीही अंगठा वर केला की त्याचा अर्थ एकच : परत फिरा. मग तो पुढारी असो की कालचा शिकाऊ. बाकीच्यांनी उत्तरादाखल आपापला अंगठा दाखवायचा आणि तोंड फिरवायचं. कारण विचारायचं नाही. आत तर विचारताच येत नाही, पण बाहेर येऊन, चहा पितानासुद्धा नाही, आणि दहा वर्षांनीही नाही.

बाबांनी ते विचारलं होतं. त्यातून पुढच्याच महिन्यात परगावची एक तुकडी आली, ते राहिलेले तीस मीटर पार करून गेली आणि गुहेच्या नकाशावर त्यांची नावं लागली. बाबांनी तो नकाशा घरी आणला, घडी घातली आणि कपाटावर टाकला. त्यानंतर ते गुहेत गेले नाहीत. डोहाच्या तोंडाशी साचलेला गाळ-पाचोळा काढायला तेवढे उतरत. एरवी शेडमध्ये बसून दुसऱ्यांच्या टाक्या भरत. सगळे त्यांना हवावाला म्हणू लागले.

आणि आत्या शिकवू लागली. मूळची ती शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन यंत्रं, एक साध्या कापडाचं, दुसरं जाड पट्ट्यांचं. पाणबुड्यांचे पाठीचे पट्टे, गुडघ्याला फाटलेले रबरी पोशाख, दिव्याच्या पिशव्या, सगळं तिच्याकडे यायचं. पट्टा शिवता शिवता ती माणूसही जोखायची. ज्यानं पट्टा ओला आणून टेबलावर टाकला त्याला ती शिकवायची नाही. म्हणायची, "ज्याला शिंपिणीच्या टेबलाची पर्वा नाही, तो दोरीची काय करणार?"

घर एक, अंगण एक. अंगणाच्या एका टोकाला भावाची शेड, दुसऱ्या टोकाला बहिणीची खोली, मधे कपडे वाळत घालायच्या तारा. आणि बहीणभाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. बोलायचं नाही म्हणजे कामही अडवायचं नाही, तेवढी समज दोघांना होती. शेडच्या भिंतीवर खडूनं लिहायचं : "चार टाक्या, दोनशेपर्यंत." खाली उत्तर : "भरल्या." आणि भिंतीवर मावत नसेल तेव्हा मधे पोरगी होतीच.

"तुझ्या आत्याला सांग, यंत्राचं तेल बदलतोय, आज हवा मिळणार नाही."

आत्या तीन हातांवर उभी. "तुझ्या बाबाला सांग, कालच सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"तिला सांग, काल तेल चांगलं होतं."

पोरगी आधी इकडचं तिकडे खरोखर सांगायची. मग नुसती मान इकडून तिकडे वळवू लागली. तिची आई म्हणायची, "मेलीची मान झिजेल एक दिवस."

पंधरा वर्षं गेली. पोरगी मोठी झाली, नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला लागली. लहानपणापासून तिला घरात "चौकशी" म्हणत, कारण तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी "का" असे. जमिनीच्या वरचे नकाशे काढून कंटाळली म्हणा, नाहीतर रक्तातच होतं म्हणा, एका रविवारी ती आत्याच्या खोलीत गेली. हातात पट्टा होता, कोरडा, नीट गुंडाळलेला.

"शिकव मला."

आत्यानं पायाखालचं यंत्र थांबवलं. "बाबाला विचारलंस?"

"बाबा म्हणाले, तुझ्या आत्याला सांग, पोरीला काही झालं तर..."

"तर काय?"

"पुढं बोललेच नाहीत. यंत्र सुरू केलं."

आत्या जरा वेळ दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "हे बघ, चौकशी. तुला पोहता येतं, समुद्रातल्या शंभर बुड्या झाल्यात, श्वास तुझा शांत आहे. त्याची मला फिकीर नाही. तुझी जीभ मला नको आहे. अंगठा दिसला की का नाही म्हणायचं. जमेल?"

"पण का नाही?"

"झालं! लागली चौकशी," आत्या हसली. मग मात्र सरळ सांगितलं. "कारण द्यावं लागतं म्हटलं की माणूस अंगठा वर करायच्या आधी कारण शोधत बसतो. सगळ्यांना पटेल असं, चांगलंसं. आणि ते सापडेपर्यंत हवा संपते. म्हणून नाही."

पोरीला पिंप आठवलं. पुढचा "का" तिनं गिळला, आणि आत्याला वाटलं, हिचा पहिला धडा झाला.

दुसरा धडा जेवताना झाला. आईनं वाढलेले बटाटे पोरीला आवडले, तोंड भरलेलं, तिनं अंगठा वर करून दाखवला. आत्यानं शांतपणे तिच्यापुढचं ताट उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं.

"आत्या! अगं, छान झालंय म्हणत होते!"

"छान असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल कर. अंगठा म्हणजे संपलं. सवय पोटातून लागू दे."

बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, तोंडचा घास काढायला मी शिकवलं नव्हतं तिला."

"बाबाला सांग, आठवून बघ, त्यानंच शिकवलं."

सुरुवात पाण्यात नव्हतीच, अंगणात होती. आत्या कपड्याच्या तारांपासून दोरी सोडायची, खुर्चीला एक वेढा, झाडाला एक, शिलाईच्या टेबलाखालून, पिंपाला वळसा घालून पार फाटकापर्यंत. मग शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर काळं फडकं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या कडीत दोरी धरायची, ओढायची नाही, सोडायची नाही, आणि ओणव्यानं फाटक गाठायचं. दोरीवर जागोजाग प्लास्टिकचे बाण अडकवलेले. बाणाचं टोक नेहमी बाहेरच्या वाटेकडे. चाचपून सांगायचं, टोक कुठं आहे. रस्त्यानं जाणारे येणारे थांबून बघत. धट्टीकट्टी माणसं डोळे बांधून खुर्चीखालून रांगतायत, आणि एक शिंपीण चहाचा कप घेऊन मागे मागे हिंडतेय. एका पोस्टमननं तर विचारलंच, "ताई, हे बरे कधी होतील?"

पोरीबरोबर शिकायला एक दातांचा डॉक्टर होता. माणूस लाख मोलाचा, पण हौशी. पहिल्या दिवशी आला तो सगळं नवं कोरं सामान अंगावर लटकवून. इथं कडी, तिथं साखळी, छातीवर तीन पिशव्या, एक शिट्टीसुद्धा.

आत्या त्याच्याभोवती एक फेरी मारून आली. "डॉक्टर, नाकापेक्षा मोती जड झालाय. गुहेत हे एकेक दोरीला अडकणार. मग तुम्ही दोरीला, दोरी तुम्हाला, आणि सोडवायला येणारा दोघांना. काढा."

"शिट्टीही?"

"आत वाजवून ऐकणार कोण? मासे?"

मग राहिलं ते कामाचं. दोन टाक्या, दोन्हींना वेगळी तोटी, म्हणजे एक बिघडली तर दुसरी बंद करून चालते. तोंडात धरायच्या दोन नळ्या, त्यातली एक पुरुषभर लांब, कारण अरुंद जागेत दोघांनी एकाच्या हवेवर यायचं तर एकामागे एकच यावं लागतं. दिवे तीन. एक हातात, दोन डोक्याशी. दोरीचं रीळ. आणि दाबाचा काटा, डोळ्यांपुढे येईल असा बांधलेला. काट्याचा हिशोब आत्या पोळीवर शिकवायची. "तीन भाग कर. एक जाताना खायचा, एक येताना. तिसरा तुझा नाहीच."

"मग कुणाचा?"

"ज्याची संपेल त्याचा."

महिने गेले. आधी तलावात, मग डोहाच्या तोंडाशी, जिथून मागे वळलं की उजेड दिसतो. तिथं ती बेडकासारखे पाय मारायला शिकली, कारण सरळ पाय मारले की तळाचा गाळ उठतो, आणि गाळ उठला की डोळ्यांवरच्या काचेपुढचा स्वतःचा हात दिसत नाही. मग जरा आत. मग दिवे विझवून आत. पहिल्यांदा तिन्ही दिवे विझले तेव्हा पोरीला वाटलं, डोळे उघडे की मिटलेले हेच कळत नाही. हातात दोरी होती. मागून आत्यानं तिची पोटरी धरली होती. पोटरी पुढे ढकलली की चल, दाबली की थांब. त्या अंधारात आत्यानं एकदा पोटरी दाबली, आणि बराच वेळ नुसती धरून ठेवली. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, "तिथं थांबलो होतो..." आणि तोंड मिटलं. आत्यानं डबा उघडून तिला एक लिमलेटची गोळी दिली.

शेवटची परीक्षा म्हणजे लांबची बुडी, जुन्या दोरीच्या टोकापर्यंत, आणि जमलं तर पुढे, गुहेच्या शेवटापर्यंत. जुनी दोरी संपत होती तिथं नाकासारखा एक खडक होता. त्याच्यापुढे तीस मीटर. तेच ते. पुढारी पोरगी असणार होती. आणि तिथवर जायचं तर आत्याचा दंडक होता, तिघांपेक्षा कमी नाही. एक अडला तर त्याला दोघं.

चार दिवस आधी डॉक्टर शिंकत आला. सर्दी. सर्दीत कान उघडत नाहीत, उतरता येत नाही.

"आता तिसरं कोण?" आई म्हणाली. पाणी थंडीत स्वच्छ असतं, आणखी दोन आठवड्यांत गढूळ होणार, मग अख्खं वर्ष थांबायचं.

मग शेडमधून आवाज आला. "तुझ्या आत्याला सांग, डॉक्टरनं मला गेल्याच महिन्यात तपासलंय. दातांच्या नाही, छातीच्या. ठणठणीत."

आत्यानं सुई कापडात खुपसली आणि तशीच ठेवली. "बाबाला सांग, माझ्या तुकडीत यायचं तर आधी माझी दोरी."

छप्पन्न वर्षांच्या हवावाल्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं गेलं. आत्यानं त्या दिवशी दोरी अशी काही सोडली की देवालाही रस्ता सापडू नये. ओल्या चादरींमधून, शिडीच्या पायऱ्यांतून, यंत्राच्या मागून.

"त्याला सांग, दोरी ओढू नकोस, गाईचं दावं नाही ते."

"तिला सांग, ही दोरी मी तिच्याआधी तीन वर्षं धरलीय."

"त्याला सांग, मग बाणाचं टोक उलटं का सांगितलं?"

बाबा चादरीत थांबले. पुन्हा चाचपलं. "तिला सांग... तिचं बरोबर आहे."

तेवढं ऐकून आई स्वयंपाकघरात गेली आणि पदरात तोंड धरून हसली.

पण पोरीला हसू येत नव्हतं. तिला समजलं होतं की तिची परीक्षा गुहा घेणार नाही. बाबा तिथं पंधरा वर्षांनी जाणार होते. नाकाच्या खडकाशी. आणि पुढारी तीच. सगळं नीट पार पडलं तर घर पुन्हा बोलकं होईल असं तिला वाटे. आणि तिथंच तिला अंगठा वर करावा लागला तर? आणि बाबांनी बाहेर येऊन पुन्हा तेच विचारलं तर? मग आत्या तिला परीक्षा पास झाल्याचं कार्ड तर देईल, पण त्या अंगणातल्या तारा आयुष्यभर तशाच राहतील, मधे वाळत पडलेल्या.

त्या दिवशी सकाळी बाबांनी घाई केली. एरवी ते टाक्या पाण्याच्या हौदात उभ्या करून हळूहळू भरत. त्या दिवशी हौद भरलाच नाही, तोटी मोकळी सोडली. काटा दोनशे वीसवर गेला. डोहाकाठी त्याच आकड्याचे तीन भाग करून पाटीवर मांडले. आत्या आली, टाकीवर तळवा ठेवला. मग दुसऱ्या टाकीवर.

"पोरी, बाबाला सांग, टाकी गरम आहे. गरम टाकी फुशारकी मारते."

बाबा लाजले. एवढी वर्षं हवेचा धंदा, आणि असली चूक. टाक्या डोहात उतरवल्या. अर्ध्या तासानं काटा एकशे पंच्याण्णववर येऊन टेकला. पाटी पुसली. पुन्हा मांडलं. पासष्ट जाताना, म्हणजे काटा एकशे तीसवर आला की कुणाचाही असो, सगळे फिरणार.

मग एकमेकांचे पट्टे, तोट्या, दिवे तपासले. पाण्यात बुडून एकमेकांच्या नळ्यांतून बुडबुडे सुटत नाहीत ना ते पाहिलं. आईनं घड्याळ पाहून वेळ लिहिली, इतक्या वाजेपर्यंत वर नाही आलात तर मी कुणाकुणाला बोलावणार ते मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तिघं उतरली. पुढे पोरगी, मधे बाबा, शेवटी आत्या.

आत सगळं जसं असायला हवं तसं होतं. पाणी इतकं स्वच्छ की आपण हवेत तरंगतोय असं वाटावं. पिवळट दगड, तळाला पिठासारखा गाळ, बाजूला दोरी. दोरीवर प्रत्येक फाट्याशी तिनं आपली खूण अडकवली, बाबांनी आपली, आत्यानं आपली. मागून येणारे दोन उजेड तिच्या बाजूच्या भिंतीवर हलत होते, एक मोठा गोल, एक लहान.

नाकाचा खडक आला. तिनं काटा पाहिला. एकशे पंचेचाळीस. पंधरा हातात होते. बाबांचा एकशे पन्नास, आत्याचा तेवढाच. तिनं गोल करून दाखवला, दोघांनी गोल करून उत्तर दिलं. बाबांचा गोल जरा जोरातच. तिनं रिळाची दोरी जुन्या दोरीला बांधली आणि पुढे निघाली.

दहा मीटर गेले. दिव्याच्या टोकाशी वाट रुंदावत होती, आणि त्याच्या पलीकडे मोठा, शांत काळोख होता. शेवटचं दालन. वीस मीटर. पोरीनं पाय मारला, पुन्हा मारला, आणि मग तिच्या लक्षात आलं की गेले चार पाय तिनं दोरीकडे पाहिलंच नव्हतं. दोरी होती हातात. काही बिघडलं नव्हतं. श्वास जरा पुढे धावत होता, एवढंच. तो तिनं धरून मागे आणला. आला तो. काटा पाहिला, ठीक. दिवे ठीक. तरी आत कुठंतरी काहीतरी नको म्हणत होतं, आणि त्याला नाव नव्हतं.

कारण सापडलं असतं तर किती बरं झालं असतं असं तिला वाटलं. असं वाटलं आणि तिनं अंगठा वर केला.

वळून तिनं तो बाबांच्या दिव्यासमोर धरला. बाबांचा दिवा तिच्या खांद्यावरून पलीकडे त्या काळोखात गेलेला होता, आणि तिथंच राहिला. तिनं श्वास मोजले. एक. दोन. तीन. चार. पाचव्याला दिवा खाली आला, बाबांच्या स्वतःच्या हातावर. अंगठा वर होता. मग त्यांनी वळून तोच अंगठा मागे बहिणीला दाखवला. आत्यानं आपला दाखवला, आणि ती निघाली.

जाताना शेवटची ती येताना पहिली. पोरगी आता मागे होती, रीळ गुंडाळत. पुढे फक्त बाबांच्या पायांतले रबरी पंख दिसत होते. बेडकासारखे, सावकाश. पंखांवरून माणसाचं तोंड ओळखता येत नाही.

वर यायच्या आधी पाच मीटरवर आठ मिनिटं थांबावं लागतं, अंगात मुरलेली हवा हळूहळू निघून जाऊ द्यायला. तिथं एक आडवा ओंडका होता, तिघं त्याला धरून राहिली, समोरासमोर. आत्या भावाकडे पाहत होती. भाऊ काट्याकडे पाहत होता, जणू त्यात वर्तमानपत्र छापलंय. आठ मिनिटं इतकी लांब असतात हे पोरीला ठाऊक नव्हतं.

डोकी पाण्यावर आली. बाबांनी नळी काढली, नाक पुसलं, तोंड उघडलं. पोरगी श्वास घ्यायची विसरली, आणि हवा तर चहूकडे होती.

"पाणी थंड होतं," बाबा म्हणाले.

कुणाला म्हणाले कळेना. पोरीची मान सवयीनं आत्याकडे वळली, निरोप द्यायला. पण आत्या तिच्याकडे पाहतच नव्हती.

"होतं," आत्या म्हणाली.

"टाक्या दे इकडे, चिमे. पाठ धरेल तुझी."

"आधी तू नीट उभा राहा. म्हातारा झालायस."

"मी? आणि तू काय, कालची?"

काठावर आईच्या हातातला चहा तिच्या चपलेवर सांडला. "बोलले?" तिनं पोरीला विचारलं. "की मला वाऱ्याचं ऐकू आलं?"

बाबांनी कारण विचारलं नाही. त्या दिवशी नाही, जेवताना नाही, त्या आठवड्यात नाही. सोपं नव्हतं ते. मधेच त्यांचं तोंड पोटात कळ आल्यासारखं व्हायचं, मग ते उठून शेडमध्ये जायचे आणि नसलेल्या टाक्या भरायला यंत्र सुरू करायचे. दहाव्या दिवशी ते पोरीशेजारी येऊन बसले.

"मी विचारत नाहीये, बरं का."

"कळतंय, बाबा."

"नुसतं सांगतोय, की विचारत नाहीये."

"बाबा!"

"बरं, बरं."

कार्ड मिळालं. आत्यानं सही करताना पेन तीनदा झटकलं, आणि "पुढारी म्हणून योग्य" असं लिहून खाली कडक रेघ मारली. परत फिरवलेल्या बुडीवर कार्ड देतात का, असं डॉक्टरनं बिचकत विचारलं. "त्याच्यावरच देतात," आत्या म्हणाली, "पुढे काय, कुणीही जातं."

पुढच्या थंडीत चौघं गेली, डॉक्टरही, शिट्टी न घेता, आणि शेवटचं दालन पाहिलं. एक भिंत होती. तिच्या तळाला बोटभर फट, तिच्यातून पाणी येत होतं. बस. बाबांना इतकं हसू आलं की काचेत पाणी शिरलं. ते बाहेर काढून झाल्यावर अंगठा त्यांनीच वर केला.

मग बरीच वर्षं चांगली गेली. बाबा गेले, यंत्र पोरीनं चालवायला घेतलं, हळूहळू वर्गही तिचाच झाला. आत्या अडुसष्टाव्या वर्षी पाण्याबाहेर आली आणि शिलाईच्या टेबलाशी बसली. पण टाक्यांची दाबतपासणी तिनं कुणाला दिली नाही. दर पाच वर्षांनी प्रत्येक टाकी तपासणीवाल्याकडे न्यावी लागते, आणि टाक्या तीस, म्हणजे वर्षाकाठी एक फेरी ठरलेली. बहात्तराव्या वर्षी, ज्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली त्याच हिवाळ्यात, जाण्याच्या चार दिवस आधी, ती सहा टाक्या गाडीत घालून त्याच्याकडे गेली.

"आत्या, तुम्ही कशाला आलात? भाची आली असती," तपासणीवाला म्हणाला. त्याचा शिकंजा, पाना, टाकी पाण्यात बुडवायचा पिंजरा, सगळं तिथल्या तिथं होतं.

"ती शिकवतेय. तू तोट्या काढ."

त्यानं तोट्या काढल्या, तारेवरचा दिवा एकेका टाकीत सोडून आतला गंज पाहिला, पाणी भरून दाब दिला, फुगते किती आणि परत येते किती ते मोजलं. ती स्टुलावर बसून पाहत होती. चौथ्या टाकीला तिनं नाक लावलं.

"ओलसर आहे."

"वाळवलीय, आत्या. एवढी गरम हवा सोडली."

"पुन्हा सोड."

तो कुरकुरला, पुन्हा सोडली. तिनं पुन्हा नाक लावलं, मान हलवली. मग त्यानं छिन्नी-हातोडीनं सहाही टाक्यांच्या खांद्यावर नवी तारीख ठोकली. तिनं चष्मा चढवून आकडे वाचले, सहाव्या टाकीचा महिना पुसट आला होता, तो पुन्हा ठोकून घेतला. तोट्या बसवल्या, प्रत्येकीच्या तोंडावर स्वतः शिवलेली कापडी टोपी बांधली. गाडीत टाक्या आडव्या ठेवून दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावले, एक हलवून बघितली, हलली नाही.

घरी येऊन तिनं सहाही टाक्या शेडमध्ये उभ्या केल्या, साखळी लावली आणि हात धुवायला गेली.